हृदयविकाराचं एक कारण रक्तात लपलेला विषाणू? नवा आढावा काय सांगतो आणि काय सांगत नाही

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली १५५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एकच प्रश्न विचारला होता: विषाणूंचा संसर्ग झालेल्या माणसांना हार्ट ॲटॅक आणि लकवा, ज्याला आपल्या घरांत फालिज म्हणतात, इतरांपेक्षा जास्त होतो का? उत्तर होतं, हो. आणि हे फक्त तापाच्या चार दिवसांपुरतं नाही. जे विषाणू शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम करतात त्यांच्याबाबतीतही तेच दिसलं. एचआयव्ही असलेल्यांत हार्ट ॲटॅकचा धोका ६० टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ४५ टक्क्यांनी जास्त. हेपेटायटिस सी असलेल्यांत अनुक्रमे २७ आणि २३ टक्क्यांनी जास्त. नागीण होऊन गेलेल्यांत १२ आणि १८ टक्क्यांनी.

अशी बातमी व्हॉट्सॲपवर पोहोचेपर्यंत तिचं "सर्दी झाली की हार्ट ॲटॅक" एवढंच उरतं. म्हणून हा विषय जरा सावकाश पाहायचं आम्ही ठरवलं.

आधी आकड्यांबद्दल, कारण टक्केवारी घाबरवायला फार सोयीची असते. ६० टक्क्यांनी जास्त याचा अर्थ शंभरातल्या साठ जणांना झटका येतो असा नाही. समजा, एका गटातल्या हजार माणसांपैकी काही वर्षांत ३० जणांना हार्ट ॲटॅक येणार होता. धोका ६० टक्के वाढला म्हणजे तो आकडा ४८ होईल. हे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेले आकडे आहेत. हजारातले १८ जण जास्त, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही आणि घरदार डोक्यावर घेण्याइतकं जास्तही नाही.

दुसरी गोष्ट अफवांची. मोहल्ल्यात पस्तीस-चाळिशीतला एखादा मुलगा अचानक गेला की जनाजा उठायच्या आतच कोणीतरी म्हणतं, "लस घेतली होती ना, त्यानंच." भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ ते ४५ वयोगटातल्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने केला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. कोविडच्या लशीने धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोविडसाठी रुग्णालयात भरती व्हावं लागलेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, धूम्रपान, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू आणि झेपणार नाही असा व्यायाम. लशीवर बोट ठेवणारे या यादीतलं पहिलं कलम वाचतच नाहीत. विषाणू तिथेच आहे.

आता मूळ प्रश्न. विषाणूचा आणि धमनीचा संबंध येतोच कसा?

आपल्या डोक्यात धमनीचं चित्र नळाच्या पाइपचं असतं. पाण्यात क्षार जास्त असले की पाइप आतून चढतो, तसं रक्तात चरबी जास्त असली की धमनी चढते, असं आपण समजतो. हे चित्र अर्धंच खरं आहे. पाइप निर्जीव असतो, धमनी जिवंत असते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं एक अतिशय पातळ अस्तर असतं. ब्लडप्रेशर, साखर, तंबाखूचा धूर अशा कशानेही ते अस्तर दुखावलं की त्याखाली वाईट कोलेस्टेरॉल शिरून साचायला लागतं. शरीराला ते परकं वाटतं आणि पांढऱ्या पेशी ते खायला धावून येतात. खाऊन खाऊन त्या स्वतःच फुगतात, तिथेच मरतात, आणि त्यांचा लगदा साचून मेदाची गाठ तयार होते. ही गाठ वीस-वीस वर्षं गप्प बसू शकते. ज्या दिवशी तिच्यावरची खपली फुटते त्या दिवशी तिथे रक्ताची गुठळी होते, आणि मग मध्यरात्री रिक्षा शोधायची वेळ येते. म्हणजे या सगळ्या प्रकरणात चरबीइतकंच काम शरीराच्या स्वतःच्या लढाईचं आहे, ज्याला डॉक्टर दाह म्हणतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रसेल रॉस यांनी १९९९ साली तर स्पष्टच लिहिलं की धमन्या कडक होण्याचा हा आजार दाहाचा आजार आहे.

एकदा हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. जो विषाणू शरीरातून कधी जातच नाही, तो ही लढाई रोज थोडी थोडी पेटती ठेवत असेल का?

या शंकेचा सगळ्यात मजेशीर पुरावा कोंबड्यांत सापडला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅथरीन आणि ज्युलियस फॅब्रिकंट या पती-पत्नीने सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना मॅरेक रोग नावाचा आजार होतो, तो नागिणीच्या विषाणूच्या खानदानातल्या एका विषाणूमुळे. हा विषाणू टोचलेल्या कोंबड्यांच्या धमन्या साधा दाणा खाऊनसुद्धा माणसांसारख्या चरबीच्या थरांनी जाड झाल्या. विषाणू न टोचलेल्या कोंबड्यांत तसं झालं नाही. पुढे असंही दिसलं की ज्यांना आधी त्या रोगाची लस दिली त्या यातून वाचल्या. पोल्ट्रीवाल्यांना मॅरेकची लस आजही ठाऊक आहे, पण तिचा हृदयविकाराशी असा जुना संबंध आहे हे कोणी सांगत नाही.

कोंबडीवरून माणसावर मात्र उडी मारता येत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये प्रसिद्ध हृदयशल्यचिकित्सक मायकेल डिबेकी ज्या गटात होते, त्यांना माणसाच्या धमन्यांच्या पेशींत सायटोमेगालोव्हायरसच्या खुणा सापडल्या. हा विषाणूही त्याच खानदानातला, लहानपणी नकळत होतो आणि मरेपर्यंत सोबत राहतो. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दाखवलं की हृदय प्रत्यारोपण झालेल्यांना हा संसर्ग झाला तर नव्या हृदयाच्या धमन्या लवकर अरुंद होतात. पण प्रत्यारोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. तुमच्या-आमच्या शरीरात हाच विषाणू नेमकं काय करतो, यावर अभ्यासांचं एकमत आजही नाही. आपल्याकडे तर हा विषाणू इतका पसरलेला आहे की नसलेला माणूस शोधावा लागेल. जे जवळजवळ सगळ्यांत आहे, ते कोणाच्या आजाराचं कारण आहे हे सिद्ध करणं सर्वांत कठीण असतं.

आणि इथे एक फजितीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मथळ्यांत येत नाही. १९८८ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमायडिया न्यूमोनिये या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त आढळलं. हा विषाणू नव्हे, जिवाणू. फुप्फुसांचा आजार करणारा. पुढे तो धमन्यांच्या गाठींतही सापडला. मग काय, जिवाणू म्हणजे अँटिबायोटिक, अँटिबायोटिक दिलं की हृदयविकार बरा! दहा-पंधरा वर्षं ही आशा जगभर होती. हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या. एका चाचणीत चार हजारांहून अधिक हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिलं. दुसऱ्या तेवढ्याच मोठ्या चाचणीत वेगळं अँटिबायोटिक दिलं. दोन्हींचे निकाल २००५ मध्ये आले: फायदा शून्य. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत तर क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्या गटात मृत्यू जास्त झाले.

वर्गात मुलांना आम्ही हे साध्या उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि मलेरियाही वाढतो, म्हणून छत्रीने मलेरिया होत नाही. दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं. ज्यांना हेपेटायटिस सी आहे त्यांच्यात गरिबी, व्यसन, डायबेटीस हेही जास्त असू शकतं. मग दोष कोणाचा? संशोधक हे सगळं आकडेमोडीतून वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण पुरतं वेगळं निघत नाही. म्हणून १५५ अभ्यासांचा ढीग पाहूनही आम्ही "शक्य आहे" आणि "सिद्ध झालं" यांतला फरक सोडणार नाही.

असं असूनही एका विषाणूच्या बाबतीत पुरावा खूप पुढे गेलाय. तो म्हणजे एचआयव्ही.

या शब्दावर अनेक वाचक पान बंद करतील हे आम्हाला माहीत आहे. करू नका. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. हा आजार जात-मजहब विचारून येत नाही, आणि ज्या बायका नवऱ्याकडून तो घेऊन विधवा झाल्या त्यांनी कोणता गुन्हा केला होता? १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधं सुरू केली. त्यामुळे जे लोक तेव्हा तिशीत होते आणि ज्यांच्या कफनाची तयारी नातेवाइकांनी मनातल्या मनात केली होती, ते आज पन्नाशीत आहेत, नातवंडं खेळवतायत. आणि आता त्यांच्यासमोर बाकी सगळ्यांसारखाच धोका उभा आहे, हृदयाचा. फक्त तो जरा लवकर आणि जरा जास्त उभा आहे.

सुरुवातीला डॉक्टरांना वाटलं की दोष औषधांचा असेल. जुन्या काही गोळ्यांनी चरबी वाढायची, हे खरं होतं. मग स्मार्ट नावाची एक मोठी चाचणी झाली, साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांवर. एका गटाने औषध अखंड घेतलं. दुसऱ्या गटाने प्रतिकारशक्ती बरी असताना औषधाला सुट्टी दिली. औषधच वाईट असतं तर सुट्टीवाल्यांचं हृदय जास्त चांगलं राहायला हवं होतं. झालं उलटं. सुट्टीवाल्यांत मृत्यूही जास्त आणि हृदयाचे झटकेही जास्त. चाचणी २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. विषाणू मोकळा सुटला की धमन्यांचं नुकसान होतं, याचा इतका सरळ पुरावा आधी नव्हता.

पण औषध नीट चालू असतानाही, रक्ताच्या तपासणीत विषाणू दिसेनासा झाल्यावरही, धोका पूर्ण खाली येत नाही. याचं एक कारण आतड्यात आहे. एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्याच्या भिंतीतल्या संरक्षक पेशी मारतो. ती भिंत मग पुरती सांधत नाही, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारशक्ती चोवीस तास पहाऱ्यावर राहते. झोप न मिळालेल्या चौकीदारासारखी. त्याची झळ धमन्यांच्या अस्तराला लागते.

यावर काही करता येतं का? रिप्रीव्ह नावाच्या चाचणीने त्याचं उत्तर दिलं. १२ देशांतले ७,७६९ रुग्ण, वय ४० ते ७५, सगळे एचआयव्हीची औषधं घेणारे, आणि नेहमीच्या हिशेबाने हृदयाचा धोका कमी ते मध्यम असलेले. म्हणजे एरवी कोणी डॉक्टरने ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिली नसती असे. भारतातले रुग्णही त्यात होते. अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिनची ४ मिलिग्रॅमची गोळी, अर्ध्यांना औषध नसलेली तशीच गोळी. २०२३ मध्ये फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी लवकर थांबवली: गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी. थोड्याजणांना स्नायू दुखण्याचा त्रास झाला, डायबेटीसचं प्रमाणही किंचित वाढलं. त्यानंतर अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या एचआयव्ही रुग्णांसाठी ही गोळी आली.

इथेही एक पण आहे. ही गोळी दाह कमी करते आणि कोलेस्टेरॉलही कमी करते. फायदा नेमका कशामुळे झाला हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. रुग्णाला त्याने काय फरक पडतो म्हणा! झटका टळला तर टळला.

हेपेटायटिस सीची गोष्ट आणखी विचित्र आहे. हा विषाणू लिव्हरमध्ये राहतो, आणि लिव्हर हीच शरीरातली कोलेस्टेरॉलची फॅक्टरी. विषाणू ती फॅक्टरी बिघडवतो, त्यामुळे अशा रुग्णाचं कोलेस्टेरॉल रिपोर्टमध्ये कमी दिसतं. रिपोर्ट पाहून माणूस खूश, "चला, हृदय ठीक आहे." आणि तरी त्याचा धोका जास्त! कारण विषाणू इन्शुलिनचं काम अडवून साखर वाढवतो आणि दाहही पेटता ठेवतो. बरं झाल्यावर कोलेस्टेरॉल वर जातं, म्हणून बरे झालेल्यांनी ते पुन्हा तपासायला हवं. उपचार घेऊन बरे झालेल्यांत हृदयाचे झटके कमी दिसतात असं अनेक निरीक्षणं सांगतात, पण उपचार मिळणारे लोक मुळातच जरा सुस्थितीतले असतात, ही छत्री-मलेरियाची अडचण इथेही आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात ५५ लाख लोकांना हेपेटायटिस सी आणि २ कोटी ९८ लाखांना हेपेटायटिस बी आहे. बीचा धमन्यांशी संबंध आहे की नाही यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. तो लिव्हरचा शत्रू आहे तेवढंच पुरे आहे, आणि त्याला लस आहे. सीला लस नाही, पण तो बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. हे किती घरांना माहीत आहे? आमच्या शाळेच्या पालकसभेत विचारून पाहिलं, तीन हात वर आले, त्यातला एक लॅब टेक्निशियनचा होता.

इजिप्तने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे विसाव्या शतकात गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या एका कृमींच्या आजारावर सरकारने गावोगाव इंजेक्शनं दिली, काचेच्या त्याच त्या सिरिंज पुरत्या निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरून. कृमी गेले आणि हेपेटायटिस सी घरोघर आला. जगातलं सर्वांत जास्त प्रमाण त्या देशात झालं. मग २०१८ च्या ऑक्टोबरपासून सातच महिन्यांत तिथे सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, सापडलेल्यांना मोफत गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार संपवण्याच्या वाटेवरचा देश म्हणून इजिप्तचा गौरव केला. सुईने आलेला आजार होता, सरकारी चुकीने आला होता, आणि सरकारनेच तो मागे रेटला.

आपल्याकडे सुईचं वेड अजून गेलेलं नाही. ताप आला, "डॉक्टरसाब, एक सुई लगा दो." गोळीने बरं वाटणार असतं तरी सुईशिवाय पैसे वसूल झाले असं वाटत नाही. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला डझनावारी लोक एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले आणि एका झोळाछाप डॉक्टरवर तीच सुई सगळ्यांना लावल्याचा आरोप झाला. आपल्या वस्त्यांत आता हिजामाचे बोर्ड जागोजागी दिसतात. हिजामा करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ब्लेड तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघालं का, कप एकदाच वापरून फेकायचे आहेत का, हातमोजे आहेत का, हे विचारण्यात कोणतीही बेअदबी नाही. खतना, कान टोचणं, न्हाव्याचा वस्तरा, सगळ्यांना हाच प्रश्न.

नागीण आणि फ्लूबद्दल थोडक्यात. त्याच आढाव्यात फ्लूची खात्रीशीर लागण झालेल्यांत पुढच्या महिनाभरात हार्ट ॲटॅकची शक्यता चौपट आणि पक्षाघाताची पाचपट दिसली. कोविडनंतर चौदा आठवड्यांपर्यंत दोन्ही तिप्पट. स्वीडनच्या नेतृत्वाखालच्या २०२१ मधल्या एका चाचणीत हार्ट ॲटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांत मृत्यू आणि पुन्हा झटका मिळून २८ टक्क्यांनी कमी झाले. हजला जाताना मेंदूज्वराची लस सक्तीची म्हणून सगळे घेतात. ज्यांना स्टेंट बसलेला आहे, साखर आहे, त्यांनी फ्लूच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारावं. लाखोंच्या गर्दीत खोकला घेऊन परतणं आपल्याला नवं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही हा लेख लिहायला बसलो ती. आपल्याकडे एचआयव्हीच्या गोळ्या घेणारे लोक डबीवरचं लेबल खरवडून टाकतात. गोळ्या पिठाच्या डब्यात, कपाटातल्या साड्यांखाली ठेवतात. सुनेला कळू नये, मुलीचं लग्न मोडू नये. ही भीती खोटी नाही, आणि जे घर अशा माणसाचं ताट-वाटी वेगळं करतं त्या घराला लपवणाऱ्यावर बोलायचा हक्क नाही. पण हाच माणूस छातीत दुखतं म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे जातो आणि तिथेही सांगत नाही. इथे मात्र जिवाशी खेळ होतो.

कारण औषधं एकमेकांत भांडतात. सरकारी केंद्रातून आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी मिळते, त्यात डोल्युटेग्रॅव्हिर असतं. ते साखरेच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून मेटफॉर्मिनचा डोस जपून ठरवावा लागतो. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या त्याच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. गोळी पोटात गेली तरी विषाणूपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ज्यांच्या औषधात रिटोनाव्हिर आहे त्यांना सिमव्हास्टॅटिन देणं धोक्याचं आहे, स्नायू विरघळू लागतात. हेपेटायटिस सीच्या सोफोसबुव्हिरसोबत हृदयाचे ठोके सुधारण्याचं अमिओडारोन दिलं तर ठोके जीवघेणे मंद होऊ शकतात. हे डॉक्टरला माहीत असतं. तुम्ही कोणती गोळी घेता ते त्याला माहीत नसतं.

आणि कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार उपचार नाकारणं, नोकरीवरून काढणं, मुलाला शाळेत न घेणं बेकायदेशीर आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. सगळीकडे पाळलं जातं असं आम्ही म्हणणार नाही. शहरातल्या एका रुग्णालयात केसपेपरवर लाल शाईने मोठं अक्षर लिहिलेलं आम्ही स्वतः पाहिलंय, आणि ते वॉर्डबॉयपासून शेजारच्या पेशंटच्या खालापर्यंत सगळे वाचत होते. तक्रार करता येते हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर ती सहरी किंवा इफ्तारला बसवता येते. फक्त वेळ ठरवून, रोज तीच, आणि रमजान लागण्याआधी केंद्रातल्या डॉक्टरशी बोलून. महिनाभर गोळी सोडून देणं म्हणजे स्मार्ट चाचणीतल्या सुट्टीवाल्या गटात स्वतःहून नाव घालणं.

सरकारी व्यवस्थेबद्दल आमची तक्रार वेगळी आहे. एचआयव्हीची खिडकी वेगळी, हेपेटायटिसची वेगळी, आणि तिशीनंतरच्या ब्लडप्रेशर-साखर तपासणीची तिसरी. प्रत्येक खिडकीत काम होतं, पण खिडक्या आपसांत बोलत नाहीत. जो माणूस दर एक-दोन महिन्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला इमाने-इतबारे येतो, त्याचं ब्लडप्रेशर तिथेच मोजलं, वर्षातून एकदा साखर आणि कोलेस्टेरॉल तपासलं, तंबाखू खातो का विचारलं, तर वेगळा दवाखाना उघडावा लागत नाही. इतका नियमित येणारा रुग्ण हृदयाच्या डॉक्टरांना एरवी स्वप्नातही मिळत नाही.

तंबाखूचा उल्लेख आलाच आहे तर: विषाणूच्या बातमीने कोणी स्वतःला सोडवून घेऊ नये. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्येच दाखवलं होतं की हार्ट ॲटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ ओळखीच्या गोष्टींनी समजावता येतो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, साखर, पोटाचा घेर, मनाचा ताण, भाजी-फळं न खाणं, हालचाल नसणं वगैरे. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळपास सहा वर्षं उशिरा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या कंपाउंडबाहेर सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, बंदीच्या किती पुड्या रोज निघतात.

एचआयव्हीबद्दल कोणताही प्रश्न असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही. हेपेटायटिस बी आणि सीची तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत होते. पूर्वी कधी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस झालं असेल किंवा सुईची शंका असेल, त्यांनी आधी जावं.